गळ टाकण्यापूर्वी

मासे धरण्यास जायचे ठरले की घरातील मंडळी प्रथम गळाची चौकशी करतात, मग आमिषाची आणि शेवटी डब्यात काय न्यावयाचे याची. ज्या पाण्यात गळ टाकावयाचा ते पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. नदी वाहती आहे, मासा रानचा जीव आहे, तेव्हा ज्याच्या गळाला लागेल त्याचा तो, अशी आपली एक सोयीची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची का, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही. एका धरणाच्या काठी एका वृद्ध भोयाने ते मला शिकविले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यातील एका रविवारी मी व माझे एक स्नेही भल्या पहाटे एका जलाशयाच्या काठी जाऊन बसलो. तासाभरात एक चांगला दोन-अडीच शेरांचा कटला लागला. आम्ही हर्षाने तो काठावर ओढीत आहो, तोच मागून आवाज आला, “काय वो पाव्हणं, इचारलंत का कुणाला?” वळून पाहतो तो डोक्याला मुंडासे गुंडाळलेले, सत्तरीचे एक गृहस्थ उभे. मी म्हणालो, “बाबा, सरकारी धरण आहे ना हे? मग विचारायचे कोणाला?” ते रागावले नाहीत. शेजारच्या दगडावर बसले आणि म्हणाले, “धरण सरकारचं हाय, पर मासा आमचा हाय. बोटभर व्हता तवा आमच्या सोसायटीनं पैसं भरून सोडला. वरीसभर राखला. आता तुमी येऊन न्या म्हंजी झालं!”

त्या एका वाक्याने माझा कटला मला फार जड झाला. मी त्यांची क्षमा मागितली आणि संस्थेच्या दराने माशाची किंमत दिली. गावातील कचेरीत जाऊन रीतसर परवानगी घेण्यास त्यांनीच आम्हांस शिकविले. आजचे माझे भाषण त्या सकाळचे ऋण फेडण्यासाठी आहे असे समजले तरी चालेल. गळ कसा टाकावा याविषयी मी थोडेच सांगणार आहे. गळ टाकण्यापूर्वी काय काय करावे, हे मात्र जरा विस्ताराने सांगतो.

उदाहरणादाखल आपण एक ठिकाण घेऊ: पुणे जिल्ह्यातील इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी हे गाव वसले आहे. पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरपर्यंत जावे, तेथे उजवीकडे वळून न्हावऱ्यावरून इनामगावी यावे. हाच रस्ता पुढे घोडनदी ओलांडून काष्टी-श्रीगोंद्याकडे जातो. दक्षिणेस भीमा आणि तिच्या पलीकडे दौंड तालुका. मोटारीने दोन-अडीच तासांची वाट आहे, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगी.

घोडनदी सह्याद्रीत भीमाशंकरच्या परिसरात उगम पावते. आंबेगाव तालुक्यात डिंभे येथे तिच्यावर एक धरण आहे. पुढे कुकडीचे पाणी तिला मिळते, आणि शिरूर तालुक्यात चिंचणी येथे तिला दुसऱ्यांदा अडविले आहे. त्या धरणास घोड धरण म्हणतात. इनामगाव या धरणाच्या खालच्या अंगास आहे. म्हणून तेथील पात्रात पाणी किती असेल हे केवळ पावसावर अवलंबून नसते, वरच्या धरणातून किती सोडले आहे त्यावरही ते ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सुरक्षिततेच्या प्रकरणी तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

इनामगाव निवडण्यास आणखी एक कारण आहे. या गावाजवळच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बारा-चौदा वर्षे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. अन्सारी या विद्वानांच्या परिश्रमाने तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. घरांचे शंभरांहून अधिक अवशेष, कुंभाराच्या भट्ट्या, धान्याचे कोठार, मुखियाचे म्हणून ओळखले गेलेले मोठे घर, आणि पुराचे पाणी वळविण्यासाठी घातलेला बांध व खणलेला पाट, इतके सारे तेथे मिळाले. हाडांच्या ढिगांत गाईगुरे व हरणे यांच्या जोडीला माशांचीही हाडे होती. म्हणजे या काठावर मासा खाल्ला जात आहे त्यास निदान तीन हजार वर्षे झाली. आणि बांध घालावयाचा, पाट खणावयाचा, कोठार भरावयाचे, ही कामे एकट्या-दुकट्याची नव्हेत. पाणी वाटून घेण्याचा काही एक गावनेम त्या लोकांमध्ये असलाच पाहिजे. नेम काय होता हे खापरे सांगत नाहीत, पण नेमावाचून बांध उभा राहत नाही, एवढे कोणाही शेतकऱ्यास ठाऊक आहे.

जाता जाता एक सूचना. तेथे गेल्यावर टेकाडावरचे एखादे रंगीत खापर उचलून खिशात टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. खापर जागेवर असते तोवर तो पुरावा असतो. आपल्या दिवाणखान्यात आले की तो केवळ मातीचा तुकडा होतो.

आता आजच्या नेमांकडे वळू. मासे धरण्याच्या बाबतीत पाण्याचे चार प्रकार मानावेत, आणि आपण कोणत्या पाण्यावर जात आहो हे घरूनच ठरवून निघावे.

पहिला प्रकार धरणाच्या जलाशयाचा. धरण व त्यातील पाणी पाटबंधारे खात्याच्या, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. मासे धरण्याचा हक्क मात्र मत्स्यव्यवसाय विभाग ठरावीक मुदतीच्या ठेक्याने देतो, आणि तो बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ही संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत घेऊन सोडते, राखणदार ठेवते आणि मग वर्षभर जाळे टाकून पोट भरते. कटला, रोहू, मृगळ हे मासे मूळचे आपल्या दख्खनच्या नद्यांतले नव्हेत. ते गंगेच्या खोऱ्यातले. आपल्याकडील जलाशयांत ते मोठ्या संख्येने दिसतात ते मुख्यतः कोणीतरी त्यांची बोटुकली सोडली म्हणून. शेतात उभे असलेले कणीस जसे बेवारशी नसते, तसा हा मासाही बेवारशी नसतो. तेव्हा ज्या संस्थेकडे त्या वर्षीचा ठेका असेल तिचीच परवानगी घेतली पाहिजे.

दुसरा प्रकार वाहत्या नदीचा. जमीन महसुलाच्या १९६६ च्या संहितेप्रमाणे नद्या व त्यांची पात्रे सरकारच्या मालकीची आहेत. परंतु पात्र सरकारचे म्हणून काठ आपला होत नाही. काठची जमीन कोणा शेतकऱ्याची असते आणि तिच्यातून जाणारी पायवाट त्याच्या भलेपणावर चालते. शिवाय १९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमाने सरकारला मासेमारीचे नियमन करण्याचा अधिकार दिलेला आहे. एखाद्या टापूत तो हक्क कोणास दिला आहे काय, तेथे काही मनाई आहे काय, ही चौकशी पुण्यातील मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कचेरीत करावी. गावात ग्रामपंचायतीत व भोई वस्तीत विचारावे ते निराळेच. कागदावरील नियम कचेरी सांगते. कोणत्या डोहात कोणाचे जाळे आहे हे वस्तीच सांगू शकते.

तिसरा प्रकार खाजगी पाण्याचा, म्हणजे विहिरी व शेततळी यांचा. येथे मालकाचा शब्द हाच परवाना. शेततळ्यांत आजकाल पुष्कळ शेतकरी मासे पाळतात. सहकुटुंब जाऊ इच्छिणाऱ्या नवशिक्यास मी तर प्रथम हेच पाणी सुचवीन. खोली ठाऊक असते, मालक हाकेच्या अंतरावर असतो आणि मुलांना चार मासे लागण्याचा आनंदही मिळतो. एक जपावयाचे ते असे की शेततळ्याच्या तळाशी व बाजूंस प्लॅस्टिकचा कागद असतो. तो निसरडा असल्याने आत घसरलेल्या माणसास वर येता येत नाही. काठावर दोर बांधलेला असल्यावाचून मुलांस तेथे उभे करू नये. आणि गळाने कागद फाटला तर शेतकऱ्याचे सारे पाणी जाते, हेही विसरू नये.

चौथा प्रकार निषिद्ध पाण्याचा. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा अंमल असतो. घोडनदीच्या उगमाकडील भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले आहे. तेथे गळ काढण्याचा विचारही करू नये. याखेरीज काही डोह देवाचे म्हणून राखलेले असतात. महाडजवळचे वाळणकोंड प्रसिद्धच आहे. तेथील मोठमोठे मासे देवीचे मानतात, लोक त्यांना चुरमुरे घालतात, धरीत कोणी नाही. कायद्याचा शिपाई जेथे पोहोचत नाही तेथे श्रद्धेने मासा वाचविला, ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्या वाटेवर असा डोह आहे काय, हे गावकऱ्यांस विचारून घ्यावे.

कित्येक श्रोते म्हणतील, “एक परवाना काढला की सारे पाणी खुले, अशी सोय नाही काय?” आपल्याकडे तशी सोय नाही. ज्या पाण्यावर जावयाचे त्या पाण्यापुरती परवानगी घ्यावी लागते. ती शक्यतो लेखी घ्यावी. संस्थेच्या पावतीवर दिनांक, माणसे किती, गळ किती, कोणत्या बाजूस बसावयाचे, मासा न्यावयाचा की परत सोडावयाचा, आणि न्यावयाचा तर कोणत्या दराने, इतक्या गोष्टी असल्या म्हणजे काठावर वाद उरत नाही. पावती खिशात असली की राखणदार मित्र होतो. कोणत्या अंगास मासा चरतो हे त्याच्याइतके कोणासच ठाऊक नसते.

हौशी माणसांनी एकत्र येऊन नेम पाळल्याचे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. मुंबईस पवई तलावावर १९३६ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन नावाची संस्था निघाली. पुढे तिचे नाव महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन झाले. सभासदांनी वर्गणी द्यावी, गळानेच मासे धरावे आणि तलावाचीही निगा राखावी, अशी तिची रीत. लहान गावच्या धरणावर एवढा थाट नको, परंतु चार-पाच स्नेह्यांनी मिळून एखाद्या मच्छीमार संस्थेशी वर्षाचा करार केला, तर दोघांचेही हित आहे. संस्थेस चार पैसे मिळतील आणि आपणांस हक्काची जागा मिळेल.

आता काळ. मासेमारीच्या बंदीविषयी शहरात एक गैरसमज आहे. वर्तमानपत्रात १ जून ते ३१ जुलै अशी बंदी वाचावयास मिळते, आणि लोक समजतात की नदीचाही हाच नियम. ती बंदी समुद्रातील यांत्रिक नौकांची आहे, आणि तिचा आधार १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा होय. नदीशी तिचा संबंध नाही. नदीच्या बाबतीत स्थानिक नियम काय आहे ते कचेरीत विचारावे. मात्र कायद्यापलीकडे एक निसर्गाचा नियम आहे, तो प्रत्येकाने स्वतःहून पाळावा. मृगाच्या पावसाने नदीस नवे पाणी आले की गाभोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. ओढ्यांत, भातखाचरांत, बंधाऱ्यांच्या तोंडाशी ते गर्दी करतात. कोकणात यालाच वलगण म्हणतात. या दिवसांत मासा धरणे अगदी सोपे असते, आणि म्हणूनच ते धरू नये. एका मादीच्या पोटात पुढल्या वर्षीचे हजारो मासे असतात. जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंत आपला गळ खुंटीस टांगलेला बरा.

पाऊस सरला, पाणी निवळले, म्हणजे दसऱ्यानंतरचे दिवस सहलीस उत्तम. थंडीच्या कडाक्यात मासा मंदावतो, तेव्हा उन्हे वर आल्यावर बसावे. फाल्गुन-चैत्रात पुन्हा सकाळ-संध्याकाळी तो चांगला लागतो. पुढे पाणी ओसरून मासे डोहांत कोंडतात, तेव्हा हात आखडता घ्यावा.

आता मासा कोणता मिळेल? येथील माशांची शास्त्रीय नोंद प्रथम केली ती कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने. दख्खनच्या माशांवरचा त्याचा लेख १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्याने एक चांगले केले. माशांस लॅटिन नावे देताना त्याने येथील मासेमारांच्या तोंडची मराठी नावेच उचलली. खुदरी, कोळस, शिंगटी, मल्या ही नावे आज जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत आहेत ती अशी. त्यातली खुदरी म्हणजे आपला दख्खनी महसीर. शास्त्राने त्याची पहिली ओळख करून घेतली ती पुण्याच्या मुळा-मुठेत! आज त्या पाण्याची दशा काय आहे हे पुणेकरांस मी सांगावयास नको. टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे महसीराची पैदास करून त्याची पिले ठिकठिकाणी सोडण्याचे काम १९७० नंतर चालविले, म्हणून हा मासा काही जलाशयांत तरी दिसतो. आपल्या गळास चुकून महसीर लागला, तर त्यास जिवंत परत सोडणे हाच त्याचा मान.

इनामगावच्या परिसरात गळास बहुधा लागेल ती चिलापी. ही आफ्रिकेतून आलेली जात असून भीमेच्या खोऱ्यात, विशेषतः उजनीच्या पाण्यात, तिने चांगलेच ठाण मांडले आहे. खेरीज सायप्रिनस, रोहू, शिंगटी, वाम, आणि दैव उघडल्यास मरळ. मरळीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आईबाप पिलांच्या थव्याची राखण करीत त्याच्या आसपास फिरत असतात. पाण्यावर लालसर पिलांचा पुंजका हलताना दिसला तर तेथे गळ टाकू नये. राखणदार गेला की सारे पिलावळ इतर माशांच्या तोंडी पडते.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. नवशिक्यास दुकानातील भारी काठी व रीळ यांची गरज नाही. दहा-बारा फुटांचा हलका बांबू, नायलॉनची दोरी, लहान गळ, शिशाचा मणी आणि पाण्यावर तरंगावयास बुचाचा तुकडा, एवढ्यावर काम भागते. आमिष म्हणून चिलापीस व शिंगटीस गांडूळ, आणि रोहूस व सायप्रिनसला शेंगदाण्याची पेंड घालून मळलेली कणीक. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. त्याने मासा क्वचित सुटतो खरा, पण सोडावयाचा मासा न फाटता सुटतो, आणि गळ मुलाच्या बोटात रुतला तर डॉक्टरचे काम सोपे होते. मासा परत सोडताना हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तेथे रोग धरतो. लहान मासा, गाभोळीचा मासा, आणि घरच्या एका जेवणास पुरेल त्याहून अधिकचा मासा, हे तीन परत सोडावेत.

सुरुंग, विष आणि विजेचा प्रवाह हे तीन प्रकार काही ठिकाणी अजून चालतात. पाण्यात सुरुंग उडविणे व विष कालविणे यांस हिंदुस्थानात १८९७ च्या कायद्यानेच मना केली, आणि ती मना आजही आहे. असा मासा स्वस्त मिळतो म्हणून कित्येक शहरी मंडळी तो काठावर विकत घेतात. तो कधीही घेऊ नये. विकत घेणारा आहे म्हणून सुरुंग उडतो. त्याचप्रमाणे घरच्या काचपेटीतील कंटाळवाणे झालेले मासे दयेपोटी नदीत सोडण्याची एक नवी रीत निघाली आहे, तीही टाळावी. चिलापी जशी वाढली तशी दुसरी एखादी जात वाढावयास वेळ लागणार नाही.

आता सुरक्षितता. येथे मी जरा कठोर बोलणार आहे, कारण जलाशयांच्या काठी दर वर्षी सहलीची मंडळी प्राणास मुकतात.

प्रथम धरणाचे पाणी. आकाश निरभ्र असेल, महिना जानेवारीचा असेल, तरीही शेतीसाठी आवर्तन सुटले की पात्रातील पाणी पाहता पाहता चढते. पात्राच्या मध्ये खडकावर बसलेल्या माणसास काठापर्यंतची वाट राहत नाही. म्हणून “आवर्तन सुटले आहे काय, सुटणार आहे काय?” हा प्रश्न गावात पोहोचताच विचारावा, आणि खडकावर जाऊन बसण्याचा नाद सोडावा. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर त्यांत ढापे घालून पाणी अडवितात. बंधाऱ्याखाली मासा जमतो हे खरे, परंतु तेथील दगड शेवाळाने निसरडे असतात आणि ढाप्यांच्या फटीतून येणारी ओढ वरून दिसत नाही. तेथे पाण्यात उतरू नये.

दुसरी गोष्ट वाळूच्या खड्ड्यांची. वाळू उपसून नेल्याने नदीच्या पात्रात गुडघाभर पाण्याशेजारीच पुरुषभर खोल खड्डे झाले आहेत. बालपणी ज्या उतारावरून आपण नदी ओलांडली तो उतार आज तेथे असेलच असे नाही. पोहता येणाऱ्यानेही अनोळखी पात्रात पाऊल टाकू नये. मुलांच्या अंगात तरंगण्याचे जाकीट असावे, आणि एकट्याने कधीच जाऊ नये.

तिसरी गोष्ट विजेच्या तारांची. घोडेच्या व भीमेच्या काठी शेतकऱ्यांच्या उपसा मोटारी ओळीने बसविलेल्या असतात आणि त्यांच्या तारा डोक्यावरून जातात. नव्या तऱ्हेच्या काळ्या, हलक्या काठ्यांतून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते. काठी उचलण्यापूर्वी वर पाहावे.

चौथी गोष्ट बिबट्याची. शिरूर, आंबेगाव, जुन्नर या भागांत उसाच्या फडांत बिबट्यांनी घर केले आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. मासा लागण्याची वेळ आणि बिबट्याच्या फिरण्याची वेळ एकच, पहाट व तिन्हीसांज. म्हणून उजाडल्याखेरीज उसातील पायवाटेने जाऊ नये, आणि दिवस मावळण्यापूर्वी रस्त्यास लागावे. लहान मुलांस क्षणभरही दृष्टीआड करू नये.

खाण्याविषयीही एक शब्द. पुणे शहराचे सांडपाणी वाहून आणणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते. त्या संगमाखालच्या भीमेतील पाण्यास फेस व वास येत असेल तर तेथला मासा ताटात न घेणे शहाणपणाचे. त्या पाण्याची घाण करणारे आपणच, हेही आपण मनाशी म्हणावे.

शेवटी काठावरची वागणूक. आपण कोणाच्या तरी शिवारात पाहुणे आहो. कांद्याच्या वाफ्यातून चालू नये, ठिबकच्या नळ्यांवर मोटार घालू नये, उसाच्या ट्रॅक्टरची वाट अडवू नये. तुटलेली नायलॉनची दोरी गुंडाळून परत न्यावी. ती शे-दोनशे वर्षे कुजत नाही असे म्हणतात, ते खरे असो वा नसो, पक्ष्याच्या पायात अडकावयास तिला एक दिवस पुरतो. खालच्या अंगास भिगवणच्या पाण्यावर दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या लांब पायांचा विचार करावा.

श्रोतेहो, एका दिवसाच्या करमणुकीस इतक्या अटी, असे आपणांस वाटले असेल. परंतु नीट पाहिले तर यांतील बहुतेक अटी चौकशीच्या आहेत. कचेरीत एक फेरी, संस्थेत एक पावती, गावात चार प्रश्न, एवढाच खर्च. तो केला म्हणजे काठावर बसलेला माणूस चोरासारखा मागे वळून पाहत नाही, आणि मासा एकही लागला नाही तरी दिवस वाया जात नाही.

त्या वृद्ध भोयाकडे पुढे मी अनेकदा गेलो. परतताना ते दर वेळी एकच विचारीत, “काय घावलं का?” काही मिळाले नाही म्हटले की हसून म्हणत, “असूं द्या. पाण्यातच हाय, जातंय कुटं?” मासा पाण्यातच आहे हे समाधान त्यांस वाटत होते, कारण तो राखण्याची जोखीम त्यांनी घेतली होती. ते समाधान आपल्याही वाट्यास यावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.